कळव्याच्या गच्चीवर ११४/९०० दुर्बीण : शनी नुसता नाचतो, विकून टाकू का?

कळवेकर_पोरगा

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा.

दिवाळीला मामाने ११४ मिमी आरशाची, ९०० मिमी फोकल लांबीची दुर्बीण दिली. तिच्यासोबत वजनाची काठी असलेला तो इक्वेटोरियल स्टँड (आकाशाच्या फिरण्याबरोबर वळवता येणारा) आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात '६७५ पट' छापलंय. आमची सोसायटी कळव्यात खारीगावच्या बाजूला. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकाकांकडे असते, रात्री दहाच्या आत परत द्यावी लागते.

चंद्र झकास दिसला, घरातले सगळे खूश. बाकी मात्र वैताग. पुस्तिकेत लिहिलंय की ध्रुवतारा बघून स्टँड लावा. आमच्या उत्तरेला नवा टॉवर उभा राहिलाय, ध्रुव दिसायचं नाव नाही. वजनाची काठी स्टँडच्या पायावर आपटते. शनीवर २० मिमीचं आयपीस (डोळ्याशी लावायचं भिंग) लावलं तर लांबट ठिपका दिसतो. ४ मिमी आणि त्यावर बार्लो (पट आणखी वाढवणारं भिंग) लावला तर अंधुक गोळा थरथरतो आणि बघता बघता पळून जातो.

ऑफिसातला एकजण म्हणतो, हे विकून ८ इंची डॉब (साध्या बैठकीवर ठेवून हाताने ढकलायची दुर्बीण) घे. घेऊ का?

खारघर_हिल

घ्या. मी तेच केलं. ८ इंची आरसा ११४ मिमीच्या तिप्पट प्रकाश गोळा करतो, आणि डॉबला ध्रुवबिव काही लागत नाही. ठेवली, ढकलली, बघितलं. इक्वेटोरियल स्टँड नवख्यांच्या गळ्यात मारतात आणि मग दुर्बीण माळ्यावर जाते.

वागळेचा_फिटर

खारघरकर, डॉब उत्तम, वाद नाही. पण ते वीस किलोच्या वरचं धूड लिफ्टमधून शेवटच्या मजल्यावर न्यायचं, तिथून जिन्याने गच्चीवर, आणि दहाच्या आत परत खाली? पोराची दुर्बीण बिघडलेली नाही. स्टँड नीट लागलेला नाही, एवढंच. वागळे इस्टेटमध्ये नोकरी फिटर म्हणून काढली, त्यामुळे आधी आटे-बोल्टचंच बोलतो.

तिन्ही पाय पूर्ण आत ठेव. लांब केलेला पाय थरथरतोच. मधल्या ट्रेचे स्क्रू आवळ, ट्रेखाली पाण्याचा पाच लिटरचा कॅन टांग. ४ मिमीत जो नाच दिसला, त्यातला अर्धा इथेच थांबेल.

आता काठीचं. आपण १९ अंश अक्षांशावर आहोत, म्हणून स्टँडचा मुख्य अक्ष जवळजवळ आडवा पडतो आणि वजनाची काठी खाली आली की थेट उत्तरेच्या पायाकडे जाते. युरोपात ५० अंशावर ती दूर राहते, म्हणून पुस्तिकेत याचा उल्लेख नसतो. डोक्याखालचा बोल्ट सैल कर आणि तिकाटणं असं फिरव की एक पाय दक्षिणेला आणि दोन पाय उत्तरेच्या दोन्ही बाजूंना येतील. काठी त्यांच्या मधून जाते.

ध्रुव दिसत नाही याचं दुःख करू नकोस. फोटो काढायचे नसतील तर उत्तर अंश-दोन अंश चुकली तरी चालते. मोबाइलच्या होकायंत्रावर मात्र गच्चीत भरवसा ठेवू नये, स्लॅबमध्ये सळया असतात. त्यापेक्षा गवंड्याचा ओळंबा आण. भारतीय वेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७३ च्या आसपास, म्हणजे ३८ मिनिटं मागे. त्यात सूर्य वर्षभरात थोडा पुढेमागे होतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ठाण्यात तो बरोबर दक्षिणेला येतो साधारण १२ वाजून २२ मिनिटांनी. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली उत्तर-दक्षिण पडते. सावलीवर ऑइलपेंटची रेघ मार, कायमचं काम झालं. (मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, तेव्हा सावली उलट्या बाजूला पडते. रेघ तीच राहते.) अक्ष त्या रेघेवर, तोंड उत्तरेला, अंशपट्टीवर १९. दुर्बीण आणि वजन दोन्ही बाजूंना तोलून घे. तोल नसेल तर अक्ष फिरवायची केबल जड फिरते. नीट बसलं की शनी सापडल्यावर फक्त एक केबल हळूहळू फिरवायची. हे सुख डॉबवर नाही.

फाइंडर (नळीवरची छोटी शोधायची दुर्बीण) दिवसाच जुळव. पारसिकच्या डोंगरावरचा एखादा टॉवर आधी मोठ्या नळीत मधोमध आण, मग फाइंडरचे स्क्रू फिरव. चित्र उलटं दिसेल, ते तसंच असतं. जुळवताना नळी सूर्याकडे फिरणार नाही हे बघ. आणि खोक्यात आयपीसला लावायची काळी 'सन' काच असेल तर आजच्या आज फेकून दे. सगळी उष्णता तिच्यावरच एकवटते, ती तडकली की डोळा गेला. सूर्य बघायचाच तर नळीच्या तोंडावर बसणारी खात्रीची फिल्टर फिल्म लागते.

६७५ पट विसर. ११४ मिमीला मिलिमीटरमागे दोन पट, म्हणजे २२८ ही वरची मर्यादा, तीही हवा शांत असलेल्या रात्री. ४ मिमी एकटंच २२५ देतं आणि त्यात शनी पाऊण मिनिटात निसटतो. बार्लो ठेव बाजूला. एक बरं १० मिमी प्लॉसल (आयपीसचाच एक प्रकार) घे : ९० पट, दोनेक मिनिटं शनी नजरेत. आणि शनीची कडीच सध्या अरुंद आहेत. २३ मार्च २०२५ला ती बरोबर आपल्या रेषेत आली होती. पूर्ण उघडायला २०३२ उजाडेल.

आता बघायचं काय. कळव्यातून आकाशगंगा, दीर्घिका शोधत बसलास तर ८ इंचीही रडवेल, कारण दिव्यांचा उजेडही तोच तिप्पट गोळा होतो. देवयानी दीर्घिका म्हणजे पुसटसा डाग, बस. त्यासाठी अमावास्येच्या आसपास वांगणीला खगोल मंडळाचा रात्रभराचा कार्यक्रम गाठ. गच्ची ठेव चंद्र, ग्रह आणि जोडताऱ्यांसाठी, त्यांना शहराचा उजेड फारसा मारत नाही. हंसाच्या चोचीतला जोडतारा आत्ता अंधार पडल्या पडल्या पश्चिमेला असतो, एक सोनेरी एक निळसर. देवयानीतला अलमाक तसाच, पण जास्त चिकटलेला. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपैकी कॅस्टर ९० पटीत फुटतो, तो बघायला जानेवारीत संध्याकाळी जा. एप्रिलमध्ये वसिष्ठ-अरुंधती : नुसत्या डोळ्यांना दोन, दुर्बिणीत वसिष्ठाचेच दोन होतात. चंद्र पौर्णिमेला सपाट असतो. कालनिर्णयमध्ये शुद्ध पंचमी ते दशमी बघून ठेव.

दिवाळीच्या धुरकटीला नावं ठेवू नका. तारे कमी दिसतात, पण हवा बरेचदा स्थिर असते आणि ग्रह छान टिकतो. खरा शत्रू म्हणजे समोरच्या बिल्डिंगचे एसी आणि दिवसभर तापलेला कोबा. नळी अर्धा तास आधी वर नेऊन ठेव, आणि त्या एसींच्या वरून बघू नकोस.

ऐरोली_रात्रपाळी

फिटरकाकांना +१. पावसाळ्याचं राहिलं. जूनमध्ये आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवा, नाहीतर गणपतीपर्यंत काचेवर बुरशीचं जाळं. सिलिका रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येतं. आरसा मात्र धूळ दिसली म्हणून पुसायला जाऊ नका. धुळीने विशेष बिघडत नाही, फडक्याच्या ओरखड्याने बिघडतं.

कळवेकर_पोरगा

काका, खूप आभार. पाय फिरवले, काठी सुटली. रेघ मारली, त्यावर सेक्रेटरीकाकांनी वॉटरप्रूफिंगवरून ऐकवलं, पण निभावलं. १० मिमी एकाकडून मागून आणलं. शनी आता काडी आरपार खोचलेल्या सुपारीसारखा दिसतो! शेजारी एक बारीक ठिपका होता. तो टायटन (शनीचा सर्वांत मोठा चंद्र) की मागचा तारा, कसं ओळखायचं?

खारघर_हिल

मान्य, माझा डॉबचा सल्ला मागे. निदान त्या गच्चीपुरता.

वागळेचा_फिटर

शनीच्या आसपासचा सर्वांत ठळक ठिपका बहुतेक टायटनच. तो साधारण १६ दिवसांत फेरी मारतो आणि लांबात लांब गेला तरी कड्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या लांबीच्या चार-साडेचार पट अंतरात राहतो. कडी अरुंद आहेत तोवर त्या काडीच्याच रेषेच्या जवळपास सापडतो. ठिपका त्याहून बराच लांब किंवा भलत्याच बाजूला असेल तर तो तारा समज.

खात्री करायची तर वहीत गोल काढून ठिपक्याची जागा टिपून ठेव आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघ. टायटन शनीभोवती जागा बदलतो पण साथ सोडत नाही. तारा मागे पडतो, शनी पुढे सरकतो. मात्र चित्रात पश्चिमेचा बाण काढायला विसरू नकोस, नाहीतर दोन चित्रं जुळणारच नाहीत. केबल सोडून दे, शनी ज्या कडेने बाहेर जाईल ती पश्चिम.