बडोद्यात मुलांना मराठी लिहा-वाचायला शिकवायचंय, सुरुवात गुजरातीवरून करावी का?

मांजलपूरची_आई

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत मराठी बोलणारी बरीच घरं आहेत. रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये मुलांसाठी मराठीचा वर्ग सुरू करायचं आम्ही काही जणींनी ठरवलंय. सगळी मुलं इंग्रजी माध्यमातली. हिंदी आहे, आणि २०२३ च्या कायद्यापासून पहिली ते आठवी गुजराती सगळ्याच शाळांत सक्तीचं आहे. ते असायलाच हवं, या गावात राहायचं तर गुजराती आलंच पाहिजे.

माझी लेक आठ वर्षांची. तिचे बाबा गुजराती, मी मराठी. माझी आई दांडिया बाजारात राहते, तिच्याशी लेक मराठीतच बोलते, पण अशी: "आजी, बारी उघड ने, गरम होतंय." (बारी म्हणजे गुजरातीत खिडकी.) समजतं सगळं, वाचता मात्र अक्षर येत नाही. आजीनं वाढदिवसाला चिठ्ठी लिहिली तर ती मला वाचून दाखवावी लागते. याचं मला फार वाईट वाटतं.

काही पालक म्हणतात, चौथी भाषा नको, मुलं गोंधळतील. काही म्हणतात, वर्गात पाऊल टाकलं की गुजराती आणि इंग्रजी बंद. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "मने पण शीखवशो?" त्यांना वर्गात बसवावं असं मला मनापासून वाटतं, पण मग गुजराती बंद कशी करणार? ज्यांनी शिकवलंय त्यांनी कृपया सांगा.

गोत्री_रोड

ताई, माझं मत स्पष्ट आहे. वर्गात फक्त मराठी. घरात आम्ही सवलत दिली, आणि मुलगा आता मराठीत विचारलेल्या प्रश्नाला गुजरातीत उत्तर देतो. आठवड्यातून एकदा तासभर मिळणार, तोही मिसळीत गेला तर राहिलं काय? चौथ्या भाषेनं मूल गोंधळतं हे मात्र मला पटत नाही. खंडेराव मार्केटमधल्या भाजीवाल्यांची मुलं बघा, तीन भाषांत हिशेब करतात.

वाघोडियाच्या_बाई

मी बडोद्यातल्या एका मराठी शाळेत प्राथमिकला शिकवत होते, आता निवृत्त आहे. गोत्रीच्या दादांची कळकळ समजते, तरी मी उलट सांगणार आहे. बडोद्याच्या मुलाला मराठी शिकवताना गुजरातीचा हात सोडू नका. इंग्रजीवरून किंवा हिंदीवरून शिकवाल तर जे त्याला आधीच येतं तेच पुन्हा शिकवत बसाल.

बघा, हिंदीत नपुंसकलिंग नाही. गुजरातीत आहे, आणि आपल्यासारखंच आहे. मारो, मारी, मारुं. माझा, माझी, माझं. नपुंसकाच्या डोक्यावरचा अनुस्वारसुद्धा तोच. घर, झाड, फूल, पुस्तक, दूध, पाणी हे शब्द दोन्हीकडे नपुंसकलिंगीच. "मारुं घर" म्हणणाऱ्या मुलीला "माझं घर" का, हे समजावावं लागत नाही. हिंदीवरून आलेलं मूल मात्र "माझा घर" म्हणतं आणि तिथे महिने जातात.

आम्ही आणि आपण यांतला फरक घ्या. ऐकणारा धरून की सोडून? इंग्रजीत आणि हिंदीत तो असा वेगळा होत नाही, गुजरातीत अमे आणि आपणे आहेत. गुजरातीत क्रियापदही आपल्यासारखंच चालतं: "में रोटली खाधी", "मी पोळी खाल्ली". "में पुस्तक वांच्युं", "मी पुस्तक वाचलं". क्रियापद कर्माच्या मागे जातं, ही मोठ्यांना जड जाणारी गोष्ट तुमच्या लेकीच्या कानात बसलेली आहे. फक्त एकदा दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहा आणि तिला स्वतःला शोधू द्या.

आता अडतं कुठे तेही सांगते, कारण वेळ तिथे घालवायचा. पहिलं, सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दात होणारा बदल. गुजरातीत "झाड पर", म्हणून मूल "झाडवर पोपट बसला" म्हणतं. झाडावर, घरात, गावाला हे तोंडात बसेपर्यंत खेळ घ्या. वस्तू लपवा आणि कुठे आहे ते विचारा, नियम सांगू नका. दुसरं, च आणि ज. "चार" मधला च आणि "चारा" मधला च वेगळे. "जेवण" आणि "जग" यांतले ज वेगळे. गुजरातीवर वाढलेलं मूल दोन्ही एकसारखे म्हणतं. हे डोळ्यांनी शिकवता येत नाही, लिपीत फरकच नाही. ते आजीकडूनच येणार. म्हणून आजीला वर्गात आणा, मोठ्यानं वाचायला लावा. तिसरं, लिंग जिथे जुळत नाही तिथे. गुजरातीत चा स्त्रीलिंगी, म्हणून मुलं हमखास "चहा थंड झाली" म्हणतात. हसू नका, दुरुस्त वाक्य आपण सहज बोलून दाखवायचं.

अक्षरं. ग, घ, त, न, प, म, य, र, व, स ही गुजरातीतून जवळजवळ तशीच येतात, शिरोरेषा ओढली की झालं. पहिल्या दिवशी मुलं घर, नाव, गाव, पान, गवत वाचून घरी जातात आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. हिंदी येणाऱ्यांना बाकीचीही ओळखीची असतात. क, ख, च, ज, झ, ब, फ नंतर एकेक घ्या. एक खूण लक्षात ठेवा: मुलं "एक" ऐवजी "अेक" लिहितील, कारण गुजरातीत ए हा अ वर मात्रा देऊनच लिहितात. त्यात काही बिघडलेलं नाही, त्यांनी विचार केलाय. वेगळा ए दाखवा आणि पुढे चला.

गोंधळाच्या भीतीबद्दल एवढंच. ज्यांच्या नावानं आपलं विद्यापीठ आहे ते बडोद्याचे महाराज सयाजीराव १८७५ मध्ये कवळाणे गावाहून इथे आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू शिकवलं गेलं. पुढे १९०६ मध्ये सबंध राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनीच आणलं. बालपणी चार भाषा शिकणं ही या गावाला नवी गोष्ट नाही.

सासूबाईंना पहिल्या रांगेत बसवा. आजी शिकतेय हे बघून नातवंडं शिकतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

हरणी_नो_पप्पा

मी गुजराती, बायको मराठी. मराठी मी लग्नानंतर शिकलो, चुका असतील. बाई म्हणतात ते माझ्या बाबतीत खरं झालं. सासरे मला गुजरातीत विचारून मराठीत सांगायचे. कोणी "फक्त मराठी" म्हटलं असतं तर मी गप्प बसलो असतो. एक विनंती, वर्गात जावयांनाही जागा ठेवा.

गोत्री_रोड

बाई, सामान्यरूपाचं पटलं. माझा मुलगा "शाळामध्ये" म्हणतो, मी नुसता रागावत होतो. तरी शेवटची वीस मिनिटं तरी फक्त मराठी असावी, एवढा आग्रह मी सोडणार नाही.

वाघोडियाच्या_बाई

सोडूच नका. ती वीस मिनिटं गोष्टीची ठेवा.

मांजलपूरची_आई

बाई, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, मी ते छापून घेतलंय. आणखी दोनच प्रश्न. पुस्तकं कोणती? आणि पुढे कुणाला परीक्षा द्यायची असेल तर सोय आहे का? काही पालकांना कागद हवा असतो.

वाघोडियाच्या_बाई

पुस्तकांसाठी बालभारतीच्या संकेतस्थळावर जा, पीडीएफ फुकट उतरवता येतात. मराठी माध्यमाची पहिलीची "बालभारती" लहानांना. मोठ्यांना इतर माध्यमांसाठीची "सुलभभारती" जास्त सोपी जाते. पण नुसत्या पाठ्यपुस्तकावर राहू नका. मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालय सयाजीरावांच्या काळापासून आहे. मुलांना तिथे एकदा घेऊन जा, आपल्या हातानं मराठी पुस्तक निवडू द्या.

परीक्षेचं म्हणाल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयात, म्हणजे एनआयओएसमध्ये, दहावीला मराठी हा विषय घेता येतो. सीबीएसईच्या भाषांच्या यादीतही मराठी आहे, पण शाळा शिकवते का ते विचारावं लागेल. पुढे शिकायचं असेल तर सयाजीराव विद्यापीठात मराठी विभाग आहेच. आठ वर्षांच्या मुलीला मात्र परीक्षेचं नावही काढू नका. तिला आधी आजीची चिठ्ठी वाचू दे, मग उत्तर लिहू दे. उत्तरात "बारी" असली तरी चालेल.

वर्ग कितीला आहे ते कळवा. वाघोडिया रोडवरून मी रिक्षानं येऊ शकते, महिन्यातला एक रविवार माझा धरा.

मांजलपूरची_आई

दहा वाजता. रिक्षा नको बाई, आम्ही घ्यायला येतो. आणि हरणीचे भाई, जागा ठेवली आहे, तुमच्या सासऱ्यांनाही घेऊन या. च आणि ज साठी आजोबा हवेच आहेत.