बेडकांच्या पोटात हिरे असतात तो हिंदी सिनेमा कोणता?

खोडरबर:
मंडळी, मदत करा. कॉलेजात असताना कोणीतरी आणलेल्या व्हीएचएस कॅसेटवर एक हिंदी सिनेमा पाहिला होता. कॉपीची कॉपी, चित्र सारखं थरथरायचं, अर्धे संवाद ऐकूच येत नव्हते. आठवतंय ते एवढंच: राजस्थानातलं गाव, ज्योतिषी बाप, शाळकरी मुलगा आणि बेडकांच्या पोटात हिरे. आम्ही मुली हसून लोळलो होतो, पण कशाला ते कोणालाच सांगता येईना. नवरा म्हणतो, स्वप्नात पाहिला असशील.

तिरपागडा:
प्रश्न वाचूनच गार झालो. पुढच्या प्रतिसादांची वाट बघत बसलोय.

एरंडवण्याचा_काका:
ताई, नवऱ्याला म्हणावं, स्वप्नाला एनएफडीसी (सरकारचं चित्रपट विकास महामंडळ) पैसे देत नाही! हा ‘ओम दर-ब-दर’, १९८८. दिग्दर्शक कमल स्वरूप. अजमेर-पुष्करची गोष्ट, गोष्ट म्हणायची तर. स्वरूप हे आमच्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचेच. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वर १९७६ साली जो सिनेमा झाला, त्याच्या चार दिग्दर्शकांत मणी कौल, सईद मिर्झा आणि के. हरिहरन यांच्याबरोबर हेही होते.

तुम्ही कॅसेटवर पाहिलात यात नवल नाही. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, फिल्मफेअरचं समीक्षक पारितोषिक मिळालं, पण आपल्याकडे थिएटरात लागला थेट जानेवारी २०१४ मध्ये, एनएफडीसीने प्रिंट दुरुस्त केल्यावर. मधली पंचवीसेक वर्षं तो असाच या हातातून त्या हातात फिरत होता. मी तेव्हा थिएटरात जाऊन पाहिला. संवाद पहिल्यांदा धड ऐकू आले आणि तरी काही कळलं नाही, हे मात्र कबूल.

खोडरबर:
काका, साष्टांग नमस्कार! हाच तो! पण मग हसतो कशाला आपण?

एरंडवण्याचा_काका:
माझ्या मते, कारण त्यात कोणी विनोद करतच नाही. रेडिओवरची फर्माईश, टूथपेस्टची जाहिरात, पत्रिका, जीवशास्त्राचं पुस्तक, सगळं एकाच वाक्यात कोंबलेलं आणि बोलणाऱ्याचा चेहरा मात्र शोकसभेतला. लहान गावात जगाची खबर अशीच तुकड्यातुकड्याने यायची की हो. ‘राना टिग्रिना’ हे बेडकाचं जुनं शास्त्रीय नाव, तर त्याचंसुद्धा गाणं! आणि ‘मेरी जान’ एकदा ऐकलंत की आठवडाभर डोक्यातून जात नाही. संगीत रजत ढोलकियांचं. आमच्या घरी ते लावायला बंदी आहे.

ओमची थोरली बहीण गायत्री (गोपी देसाई) मला सगळ्यांत आवडते. सिनेमाला जाते आणि सरळ पुरुषांच्या बाजूला जाऊन बसते. तिथे विनोद थोडा टोचतो.

वांगीपोहे:
कल्ट वगैरे ठीक आहे, पण मी मध्यंतरात उठून आलो होतो. न कळणं म्हणजे थोर असणं का?

एरंडवण्याचा_काका:
मुळीच नाही. पण चांगलं नाटक पाहताना आपण जसं दर दोन मिनिटांनी ‘म्हणजे काय’ विचारत नाही, तसं इथेही करू नका. शिवाय ओमला श्वास रोखून धरता येतो, त्याचं काय होतं ते मध्यंतरानंतरच कळतं. तेवढ्यासाठी तरी परत बसा, वांगीपोहे.

तिरपागडा:
आज रात्री लावतो. बायकोला बेडकांबद्दल आधीच सांगू की नको?

खोडरबर:
नको. हिऱ्यांबद्दल सांगा.