मदत हवी आहे: टीसीएसचा ३१ जानेवारी २०१८ चा भाव शीटमध्ये निम्माच का येतोय?

नमस्कार. आईचं आयकर विवरणपत्र भरायचं आहे आणि गेले तीन रविवार मी गूगल शीटमध्ये एकाच जागी अडकले आहे. जाणकारांनी कृपया मदत करावी.

आईला २००४ च्या आयपीओत टीसीएसचे १५ शेअर लागले होते, ८५० रुपयांनी. पुढे २००६, २००९ आणि २०१८ मध्ये एकास एक बोनस (प्रत्येक शेअरमागे एक फुकट शेअर) मिळाला, म्हणून त्याचे १२० झाले. घराच्या गळतीचं काम काढलं तेव्हा तिने त्यातले ४० विकले. दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर काढायला ३१ जानेवारी २०१८ चा त्या दिवसातला सर्वात वरचा भाव लागतो, म्हणून मी शीटमध्ये शेअरचे भाव आणणाऱ्या गूगलफायनान्स फंक्शनमध्ये टीसीएसचं एनएसई या शेअर बाजारातलं चिन्ह, 'हाय' आणि ती तारीख दिली. उत्तर आलं साडेपंधराशेच्या आसपास.

आईने तिची वही काढली. त्या वर्षीच्या बजेटमध्ये हा कर आला, तेव्हा तिने पेपरमधले सगळे भाव वहीत उतरवून ठेवले होते. टीसीएससमोर निळ्या शाईत तीन हजार शंभरच्या वरचा आकडा आहे. "माझं चुकलं असेल गं," म्हणाली. मला तसं वाटत नाही, ती असल्या बाबतीत चुकत नाही. पण शीटमध्येही कुठे लाल खूण नाही, एरर नाही. बीएसईचं चिन्ह देऊन पाहिलं, तरी तेच.

दुसरी अडचण ब्रोकरच्या सीएसव्ही फाइलची. ती उघडली की तारखांच्या रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटतात, काही डावीकडे. ०३/०४ उजवीकडे, १५/०४ डावीकडे. उजवीकडच्या तारखेवर क्लिक केलं तर ती ४ मार्च निघाली! म्हणजे ३ एप्रिलची विक्री आदल्या आर्थिक वर्षात जाऊन बसली आणि माझी बेरीज दोन्ही वर्षांत चुकली. हे अगदी योगायोगाने दिसलं. आईच्या पॅनवर काही चुकीचं जायला नको, म्हणून विचारते आहे.

प्रतिसाद

ताई, वही बरोबर आहे, आईंना आधी तसं सांगा.

गूगलफायनान्स जुने भाव बोनस आणि स्प्लिटनुसार (एका शेअरचे अनेक होणं) मागे जाऊन सुधारून देतं. २०१८ चा बोनस ३१ जानेवारीनंतर आला, म्हणून त्याआधीचे सगळे भाव तिथे निम्मे दिसतात. आलेख काढायला हे सोयीचं आहे, नाहीतर बोनसच्या दिवशी भाव कोसळल्यासारखा दिसेल. तुमच्या कामाला मात्र ते चालणार नाही. ३१ जानेवारी २०१८ ला आईंकडे ६० शेअर होते, त्यांना त्या दिवशीचा खराखुरा भाव लागतो. नंतर बोनसने आलेल्या ६० ची खरेदी किंमत शून्य धरतात. डीमॅटमध्ये आधी आलेला शेअर आधी विकला गेला असं मानतात, तेव्हा हे ४० जुन्या ६० मधलेच. निम्मा भाव धरला असता तर नसलेला नफा दाखवून त्यावर कर भरला असता.

एनएसईच्या संकेतस्थळावर जुन्या भावकॉपी, म्हणजे त्या त्या दिवसाच्या सगळ्या शेअरच्या भावांच्या फाइल, मिळतात. त्या दिवशीची उतरवा, टीसीएसची 'ईक्यू' (साधे शेअर) मालिकेची ओळ शोधा आणि 'हाय'चा रकाना घ्या. बीएसईचीही बघा, दोन्हींत जो जास्त तो धरायचा. आणि हा आकडा शीटमध्ये हाताने टाका, फॉर्म्युला ठेवू नका. पुढे पुन्हा बोनस आला की फॉर्म्युल्याचं उत्तर गुपचूप बदलेल आणि भरलेल्या विवरणपत्राशी शीट जुळणार नाही. खरेदी किंमत म्हणून हा भाव आणि विक्रीचा भाव यांतला कमी असेल तो येतो, मूळ खरेदीचा भाव त्याहून जास्त नसेल तर. सीएंना एकदा दाखवून घ्या.

तारखांचं कारण लोकेल, म्हणजे शीट कोणत्या देशाच्या पद्धतीने तारखा वाचते ती सेटिंग. तुमची शीट अमेरिकेच्या लोकेलवर असणार, तिथे महिना आधी वाचतात. १२ पर्यंतचे दिवस महिना म्हणून खपून जातात, १३ पासूनचे जमत नाहीत म्हणून मजकूर होऊन डावीकडे राहतात. फाइल, सेटिंग्ज, लोकेल, भारत. पण त्याने आधीच उलटलेल्या तारखा सरळ होत नाहीत. तो टॅब पुसा आणि लोकेल बदलल्यावर सीएसव्ही नव्याने आयात करा. नंतर रकान्याला डावी-उजवी जुळणी देऊ नका, एखादी तारीख मजकूर राहिली तर ती डावीकडे लगेच दिसेल.

धागाकर्ती

खूप खूप आभार, दादा. भावकॉपी मिळाली. आईच्या वहीतला आकडा त्या दिवशी बाजार बंद होतानाचा भाव होता, दिवसाचा वरचा भाव त्याहून थोडा जास्त निघाला. लोकेल बदलून फाइल पुन्हा घेतली, आता सगळ्या तारखा उजवीकडे आहेत आणि ३ एप्रिल एप्रिलमध्येच आहे.

एकच राहिलं. आईकडे जुन्या एचडीएफसीचे (गृहकर्ज देणारी कंपनी, बँक नव्हे) ५० शेअर होते. जुलै २०२३ च्या विलीनीकरणात २५ ला ४२ या हिशेबाने एचडीएफसी बँकेचे ८४ मिळाले. जुन्या चिन्हाला शीट काहीच देत नाही, हे आता समजलं. २०१८ च्या भावकॉपीत जुन्या एचडीएफसीची ओळ आहे. या ८४ साठी तिचा भाव घेऊन ४२ भागिले २५ ने भागायचं, की बँकेच्या ओळीतला भाव धरायचा? विलीनीकरणात मिळालेल्या शेअरचा हा हिशेब कुणी केला असेल तर जरूर सांगा.