आजीचं गोंदण संस्कृती आणि माझा टॅटू थेर?

पाटावरवंटा: काल कुणीतरी लिहिलं, "अंगावर चित्रं काढून घेणारी पोरं म्हणजे आईबापांचा पैसा उधळणारी रिकामटेकडी." लेखकमहाशय, तुमच्या आजीच्या कपाळावरचे ठिपके आणि हातावरचं तुळशीवृंदावन काय ब्रह्मदेवाने काढून पाठवलं होतं? गोंदणारीण दारात यायची, सुया एकत्र बांधून काजळी टोचायची. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं मेल्यावर सोबत येतं, असं बाया म्हणायच्या. ती संस्कृती. मी मनगटावर मांजर काढलं, तर सासूबाई लग्नकार्यासाठी लांब बाह्यांचे ब्लाउज शिवायला सांगतात.

जुनाखोंड: ती पोस्ट माझीच. गोंदण ही रीत होती, तुमचं मांजर ही हौस. माझ्या मामेभावाने हौसेने दंडावर वाघ काढला. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागे चालतं, दंडावर नाही. दोन वर्षं पहाटे चारला उठून धावला आणि मेडिकलला बाद. आता लेझरला पैसे मोजतोय.

रानवाट: आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट आहे, तेही सांगा की.

सुईदोरा: रीत म्हणे! विचारलं होतं का कुणी? माझी आई सात वर्षांची असताना दोघींनी हात दाबून धरले आणि तिसरीने हनुवटीवर टोचलं. आई अजून फोटोत पदर हनुवटीपर्यंत ओढते. मांजरवालीने निदान स्वतःच्या मर्जीने काढलंय.

शुद्धमती: काढा नाहीतर काढू नका, आधी शुद्धलेखन तपासा! परवा एसटीत एकाच्या हातावर 'आईचा आशिर्वाद'. अहो, 'शी' दीर्घ! कागदावर खोडता येतं, कातडीवर काय करणार?

जुनाखोंड: अगदी! ट्रकवर तेच, रिक्षांवर तेच.

रानवाट: भावना पोचली ना? जत्रेतल्या मशीनवाल्याने माझ्या आजीच्या हातावर 'अनुसया'चं 'अनुसय' केलं होतं. काना राहिला. तिला अक्षरओळख नव्हती. मी दुसरीत असताना मोठ्याने वाचलं, "आजी, तू अनुसय!" तिने हात उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "मंग तुज्या पेन्शिलीनं दे की काना." मी दिला. दोन दिवस तिने त्या जागी पाणी लागू दिलं नाही.

शुद्धमती: मूळ शब्द 'अनसूया' आहे.

रानवाट: तुम्हाला आजी होती की थेट शब्दकोशातून पडलात?

शुद्धमती: वैयक्तिक होऊ नका. चूक दाखवली की मराठी माणसाला झोंबतंच.

सुईदोरा: इथे लेकरांना दाबून टोचल्याचं सांगतेय आणि तुमचं चाललंय ऱ्हस्व-दीर्घ. धन्य!

जुनाखोंड: सुईदोरा, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. तेवढ्यापुरती माझी 'रीत' मागे. मांजरही माफ. पण टॅटूनंतर वर्षभर रक्त देता येत नाही, हे हौशी लोकांच्या लक्षात असतं का?

पाटावरवंटा: माफीबद्दल शतशः आभारी आहे, महाराज. मांजर तीन वर्षांचं आहे. गेल्या महिन्यात सोसायटीच्या शिबिरात रक्त दिलं. त्यासाठी त्या लांब बाह्या सासूबाईंसमोरच वर कराव्या लागल्या.

शुद्धमती: मांजराखाली काही लिहिलंय का?