वारुळावरून सुचलेली इमारत पुण्यात चालेल का?

प्रश्न: झिंबाब्वेची राजधानी हरारे इथलं ईस्टगेट सेंटर (१९९६, वास्तुविशारद मिक पिअर्स) नेहमीच्या एसीशिवाय चालतं, कल्पना वाळवीच्या वारुळाची. पुण्यातल्या १०० चौ. मी. ऑफिसला तशीच गरम हवा वर सोडणारी चिमणी बांधली तर एसी टळेल का?

उत्तर १: चिमणी सगळ्यांना दिसते, पण काम करतं काँक्रीट. तिथले पंखे दिवसा तासाला साधारण २ वेळा हवा बदलतात, रात्री १० वेळा. मजल्यांच्या फरशीखालच्या पोकळीत काँक्रीटचे दात आहेत. रात्रीची गार हवा त्यांना घासून जाते आणि दिवसा तेच उष्णता शोषतात. शिवाय खिडक्या कमी, छज्जे खोल. हरारे सुमारे १५०० मीटर उंचीवर, म्हणून रात्री गार.

पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये जमेल. पावसाळ्यात दिवस-रात्रीत जेमतेम ५-६ अंशांचा फरक, वर दमट हवा. तेव्हा नाद सोडा.

उत्तर २: हिशेब करा. उंची ३ मी., म्हणजे १० बदलांना तासाला ३००० घनमीटर हवा. छताच्या काँक्रीट स्लॅबची खालची ७.५ सेंमी जाडी धरली तर रात्री ३ अंश उतरवल्यावर दिवसा त्यात सुमारे १३ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता मावते. १० माणसं आणि त्यांचे संगणक ८ तासांत १४ युनिट सोडतात. म्हणजे जवळपास पुरतं, जरा कमीच. ऊन आत आलं की गणित फिसकटलं.

पंखाही बघा. १५० पास्कल दाबाला रात्रीच्या ८ तासांत २ युनिट वीज जाते. डक्ट (हवेची नळी) अरुंद, फिल्टर तुंबलेला, दाब ५०० वर गेला की साडेसहा. तेवढ्याच गारव्यासाठी एसीला सव्वाचार-साडेचार लागतात! बाहेरची हवा स्लॅबपेक्षा किमान ३ अंश गार असेल तेव्हाच पंखा सुरू होईल असं कंट्रोल लावा. सेन्सर स्लॅबला चिकटवायचा, भिंतीवर टांगायचा नाही.

प्रश्नकर्ता: जिप्समचं फॉल्स सीलिंग आधीच आहे. भोकं पाडू?

उत्तर २: भोकांनी फारसं साधत नाही, स्लॅब हवेपासून तुटलेलाच राहतो. काढूनच टाका. आवाज घुमेल, त्यासाठी उभे बॅफल (आवाज शोषणारे पट्टे) लटकवा. वर गच्ची असेल तर आधी गच्चीवर इन्सुलेशन, नाहीतर रात्री गार केलेला स्लॅब दुपारी वरून तापतो.

उत्तर ३: वारुळाबद्दल एक दुरुस्ती. टर्नर आणि सोअर या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की वारूळ मुख्यतः वायूंची देवाणघेवाण करतं. आतलं तापमान भोवतालच्या जमिनीमागे चालतं. ईस्टगेट चालतं ते वेगळ्या कारणाने.