मदत हवी आहे: पोर्तुगीज की अरबी? उद्या सकाळपर्यंत!

कावळा_नाका: उद्या कॉलेजात मराठी भाषा दिनाला पाच मिनिटं बोलायचंय. सर म्हणतात पोर्तुगीज, शेजारचे चाचा म्हणतात अरबी. एका ओळीत सांगा, लई उशीर झालाय.

शिवणयंत्र: भावा, शब्द कुठला?

कावळा_नाका: शर्टाचा हो. आज्जी म्हणते तो.

शेंगदाणा_चटणी: पैरण. फारसी पैराहनवरून. विषय संपला.

कावळा_नाका: पैरण कुठली काढली मधेच! खमीस!!

उसनवारी: मूळ एकच, लॅटिन कामिसिया. सैनिकांच्या अंगाबरोबर बसणाऱ्या लिननच्या कपड्याला हे नाव असल्याचं संत जेरोमनं इ.स. ४०० च्या आसपास लिहिलंय. पुढं पोर्तुगीज-स्पॅनिशमध्ये कामिसा, फ्रेंचमध्ये शमीज, अरबीत कमीस. कुराणात यूसुफच्या सदऱ्याला हाच शब्द आहे. इंडोनेशियातला केमेजा पोर्तुगीजांनी नेलेला. आणि पोरी फ्रॉकच्या आत घालतात ती शेमीज? फ्रेंचमधून इंग्रजीत, तिथून आपल्याकडे. आजोबांचं खमीस आणि नातीची शेमीज सख्खी भावंडं. आज्जीला सांगून बघ, काय म्हणते ते.

कावळा_नाका: ते राहू दे. मराठीत कुठनं आला?

उसनवारी: अरबी-फारसीतून. पोर्तुगीज उच्चार 'कमीझा'सारखा, शेवटी झ. आपल्यात स आहे, अरबीतही स.

शेंगदाणा_चटणी: मग ख कसा? कलम, कायदा, किल्ला, सगळीकडं क राहिलाय.

उसनवारी: आणि वक्तचा वखत? पोर्तुगीजमध्ये तरी कुठं ख आहे?

शिवणयंत्र: फुल बाहीला छत्तीस पन्ह्याचं कापड अडीच मीटर घ्या. इचलकरंजीचं घेतलं तर आधी भिजवून वाळवा, मग शिवायला टाका.

शेंगदाणा_चटणी: शिवायचं नाहीय हो काका.

उसनवारी: आज्जींचं माहेर कुठलं?

कावळा_नाका: वेंगुर्लं. त्याचा काय संबंध?

शेंगदाणा_चटणी: हे आधी सांगायचं की मर्दा! गोव्यात शर्टाला खमीसच म्हणतात. झालं, पोर्तुगीज.

उसनवारी: वेंगुर्ल्यात वखार डचांची होती.

शेंगदाणा_चटणी: आणि तिथनं गोवा किती लांब? बाजार काय डचांना विचारून भरायचा?

कावळा_नाका: आज्जीला विचारलं. म्हणते माहेरी हा शब्द नव्हता, सासरी गडहिंग्लजात आल्यावर ऐकला.

उसनवारी: 😌

शिवणयंत्र: कॉलर ठेवायची का बिनकॉलरचं?