नागपूरच्या घरचा ट्यूबवाला टीव्ही: बदलायचा की राहू द्यायचा?

प्रेषक: प्रतापनगरकर, न्यू जर्सी

मंडळी, नमस्कार.

एप्रिलमध्ये नागपूरला जातोय. आईबाबांच्या बैठकीत अजून 21 इंची ट्यूबवाला कलर टीव्ही आहे. लाकडी शोकेसमध्ये बसवलेला, वर क्रोशाचा रुमाल, एका बाजूला केबलवाल्याचा डबा आणि दुसऱ्या बाजूला बाबांच्या टेपचा मोठा स्पीकर. चित्र तसं येतं. पण सकाळी लावला की आधी सगळं काळपट दिसतं, चेहरे उजळायला बराच वेळ लागतो. आणि उजव्या कोपऱ्यात कायमचा जांभळट डाग आहे.

मी 55 इंची फोर-के घ्यायचं म्हणतोय. बाबांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "चालून तर राहिला ना, मग काहून बदलायचा?" आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. बातम्यांच्या खाली सरकणारी पट्टी तिला वाचता येत नाही, म्हणून ती मागे लागलीय की मोठा आण.

बैठक लहानच आहे, दिवाणापासून टीव्ही आठ-नऊ फुटांवर. एसी नाही, खिडकीत कूलर. दुपारी पश्चिमेची भिंत तापते, आणि नवा टीव्ही टांगायला तीच भिंत मोकळी आहे.

इथून घेऊन जावा की तिथे घ्यावा? आणि बाबा म्हणतात त्यात काही तथ्य आहे का? या मेलिंग लिस्टवर नागपूरचे बरेच जण आहात, म्हणून विचारतो.

---

प्रेषक: धरमपेठची ताई, कॅलिफोर्निया

अरे, इथून अजिबात नेऊ नकोस. 26 ऑगस्ट 2013 पासून सपाट पडद्याचे टीव्ही भारतात जाताना ड्यूटी-फ्री सवलतीत बसत नाहीत. एलसीडी असो, एलईडी असो, विमानतळावर ड्यूटी भरावीच लागते. शिवाय इथले बरेच सेट फक्त 120 व्होल्टचे असतात, आतला ट्यूनर अमेरिकेतल्या प्रक्षेपणाचा, आणि वॉरंटी तिकडे चालत नाही. बिघडला तर आईबाबांनी कुणाच्या दारात जायचं? तिथेच बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, घे. आता इथून नेण्याचं कारणही उरलं नाही, 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटीही 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय.

दुसरी गोष्ट जरा मनापासून सांगते. माझ्या सासूबाईंकडे आम्ही असाच भला मोठा टीव्ही लावला. केबल जुनीच ठेवली. मालिकेतल्या बायकांचे चेहरे आडवे फाकलेले आणि कडा धुरकट. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण हळूहळू टीव्ही लावणंच बंद झालं. काका लिस्टवर आहेत, ते याच धंद्यात होते. काका, तुम्ही लिहा ना.

---

प्रेषक: महालचे काका, टोरांटो

ताई, आठवण काढलीस ते बरं केलंस. मुला, तुझा मेल दोनदा वाचला.

इकडे येण्यापूर्वी मी सीताबर्डीवर टीव्ही दुरुस्त करत असे. 1982 मध्ये एशियाडच्या वर्षी देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, त्यानंतरची वर्षं आमच्या दुकानाला उसंत नव्हती. लोक गच्चीवर चढून सेमिनरी हिल्सच्या टॉवरकडे अँटेना फिरवायचे आणि खालून पोरगं ओरडायचं, "आला, आला, गेला!" त्या सेटांना मी आतून ओळखतो, म्हणून तुझ्या बाबांची बाजू आधी मांडतो.

आपल्याकडचं जुनं प्रक्षेपण 625 रेघांचं, त्यातल्या 576 रेघा पडद्यावर दिसायच्या. ट्यूबमधली इलेक्ट्रॉन सोडणारी गन याच रेघा काचेच्या आतल्या फॉस्फरवर, म्हणजे किरण पडला की चमकणाऱ्या थरावर, सेकंदाला 50 वेळा ओढते, एकदा विषम रेघा, एकदा सम. रेघेच्या कडा किंचित मऊ असतात, त्या एकमेकींत मिसळतात आणि चेहरा गुळगुळीत दिसतो. चालू टीव्हीच्या काचेजवळ भिंग धरून बघ, लाल-हिरव्या-निळ्या बारीक पट्ट्या किंवा ठिपके दिसतील. दोन हात मागे सरक, त्याच पट्ट्यांची गव्हाळ कातडी होते. म्हणजे सिग्नल जेवढा तेवढाच पडदा. ही जोडी एकमेकांसाठीच बनवलेली होती.

आता तुझा 55 इंची फोर-के घे. त्यावर 3840 गुणिले 2160, म्हणजे जवळपास 83 लाख ठिपके. साध्या केबलच्या चॅनेलमधून येतात 720 गुणिले 576, सव्वाचार लाखांच्याही आत. म्हणजे एका खऱ्या ठिपक्याचे वीस करायचे, आणि उरलेले एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरायचे. ताईच्या सासूबाईंना जे धुरकट दिसलं ते हेच. पडदा वाईट नव्हता, त्याला दिलेलं खाणं अपुरं होतं. आणि फाकलेले चेहरे म्हणजे 4:3 चं चित्र 16:9 मध्ये ताणलेलं. ते डब्यातही नीट करावं लागतं आणि टीव्हीतही. एकाच ठिकाणी केलं तर दुसरं पुन्हा ताणतं.

ट्यूबच्या आणखी दोन गोष्टी खऱ्या आहेत. क्रिकेटमध्ये सीमेकडे पळणारा चेंडू तिथे स्वच्छ दिसतो, कारण प्रत्येक चित्र क्षणभर चमकून विझतं. एलसीडीवर पुढचं चित्र येईपर्यंत आधीचं तसंच धरून ठेवलेलं असतं, म्हणून डोळ्याला शेपूट दिसते. आणि ट्यूब कुठूनही बघा, दिवाणावर आडवं पडून किंवा स्वयंपाकघराच्या दारातून, रंग तोच. स्वस्त पॅनेलवर बाजूने बघितलं की रंग उडतात. तुझी आई भाजी निवडता निवडता दारातूनच बघत असणार. दुकानात "आयपीएस पॅनेल आहे का?" असं विचार (त्यात बाजूनेही रंग टिकतात) आणि स्वतः बाजूला उभं राहून बघ. समोर उभं राहून घेतलेला टीव्ही घरी गेल्यावर वेगळा निघतो.

आता तुझ्या सेटच्या दोन तक्रारी. त्यांत फार फरक आहे.

जांभळा डाग हा आजार नाही. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. ते ट्यूबजवळ राहिलं की आतली बारीक भोकांची पत्र्याची जाळी चुंबकाळते आणि किरण भलत्याच रंगाच्या ठिपक्यावर पडतो. बाबांना सांग, स्पीकर चार-पाच फूट लांब ठेवा. मग टीव्ही रिमोटने नाही, मेन स्विचने बंद करा आणि अर्ध्या तासाने लावा. लावताना "धंग्" असा आवाज येतो ना, ती डीगॉसिंगची कॉइल. ती जाळीतलं चुंबकत्व काढते, पण तिच्यासोबतचा थर्मिस्टर, म्हणजे तापला की वीज अडवणारा भाग, थंड झाल्याशिवाय ती पुन्हा नीट काम करत नाही. रोज रिमोटनेच बंद करणाऱ्या घरांत म्हणूनच हे डाग वर्षानुवर्षं राहतात. दोन-चार वेळा केलं की जाईल. कुणाला पैसे देऊ नका.

सकाळी काळपट दिसणं मात्र आजार आहे. आम्ही म्हणायचो, ट्यूब वीक झाली. गनचा कॅथोड थकला की इलेक्ट्रॉन कमी सुटतात, तापल्यावर थोडे वाढतात, म्हणून चेहरे उशिरा उजळतात. बूस्ट करून देतो म्हणणारा भेटेल, त्याने काही महिने निघतील, पण थकलेला कॅथोड परत तरुण होत नाही. नवी ट्यूब आता कुणी बनवत नाही. तेव्हा या सेटवर खर्च करू नका, आणि तो स्वतः थांबेपर्यंत काढूनही टाकू नका. आतल्या खोलीत बाबांसाठी राहू द्या. दुसऱ्या डब्याचे पैसे केबलवाला वेगळे घेईल, ते देऊन टाक.

एक मात्र कडक सांगतो. मागचं झाकण कुणीही उघडायचं नाही. रंगीत ट्यूबवर 25 हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही ट्यूब चार्ज धरून ठेवते. पावसाळ्याच्या तोंडावर झाकण उघडलं की ट्यूबच्या मानेभोवती काळी धूळ लेपासारखी बसलेली असायची, आणि ईएचटीच्या, म्हणजे त्या जास्त दाबाच्या वायरच्या, टोपीजवळ वाळलेली पाल. ती उबेला येते आणि तिथेच संपते. तेवढ्या जागी बोट लागलं तर माणसाचंही काही खरं नाही.

आता आईची बाजू, आणि निकाल तिच्या बाजूने आहे. डोळ्यांना वाचता येत नसेल तर बाकी सगळे गुण तिच्यासाठी व्यर्थ. पण 55 नको. 21 इंची जुन्या सेटमध्ये चित्राची उंची साडेबारा इंच. 24 इंची सपाट घेतलास तर ती बारा इंचांच्याही आत येते, म्हणजे पैसे देऊन लहान चित्र. 32 मध्ये पावणेसोळा, 43 मध्ये एकवीस. आठ-नऊ फुटांवरून पट्टी वाचायची तर 43 घे आणि तिथेच थांब. त्याच दिवशी केबलवाल्याकडून एचडीचा डबा आणि आईच्या बातम्यांच्या नि मालिकांच्या चॅनेलचं एचडी पॅक घे. 2013 मध्ये नागपुरात डिजिटल केबल आली तेव्हा बसवलेला डबा बऱ्याच घरांत अजून तसाच आहे. तो तीन रंगांच्या पिनांनी नव्या टीव्हीला जोडतात, आणि मग टीव्हीला नावं ठेवतात. एचडीएमआयची वायर लाव. माझं सगळं सांगणं यातच आलं: आधी सिग्नल सुधारा, मग पडदा मोठा करा.

पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नकोस, पाया पडतो. या टीव्हींच्या पुस्तिकेत चालवण्याचं तापमान बहुधा 40 अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45 च्या पुढे जातं आणि ती भिंत रात्री दहापर्यंत हात लावू देत नाही. टीव्हीतल्या कंडेन्सरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाचं, गणित सोपं आहे, दहा अंश वाढले की आयुष्य साधारण निम्मं. शोकेस हलवून आतल्या भिंतीला जागा कर, मागे चार बोटं हवा राहू दे. कूलरचा झोत सरळ टीव्हीवर नको. बोअरच्या पाण्याचा असेल तर क्षार आत जाऊन बसतात. दुकानातलं भडक पिक्चर मोड बदलून साधं ठेव आणि बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, उतरव. आईच्या डोळ्यांना बरं, आणि बॅकलाइटच्या पट्ट्याही टिकतात. पॅनेल गेलं तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो, हे ध्यानात असू दे.

जुना स्टॅबिलायझर नव्याला लागेलच असं नाही, हे सेट कमीजास्त व्होल्टेज स्वतःच सांभाळतात. अर्थिंग मात्र नीट तपासून घे. जूनमध्ये विजा कडकडू लागल्या की प्लगही काढायचा आणि केबलची वायरही. लोक प्लग काढतात, वायर विसरतात, आणि वीज तिथून येते.

आवाजाचंही बघ. जुन्या सेटचा स्पीकर समोर तोंड करून असे, नव्यांचा खाली किंवा मागे. म्हाताऱ्या कानांना संवाद कळत नाहीत. छोटा साउंडबार लाव.

---

प्रेषक: सदरचा, लंडन

काका, मस्त लिहिलंत. ट्यूबच्या बाजूने एक गोष्ट माझीही. लहानपणी कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता, त्यातली बदकं मारायची बंदूक पडद्यावरच्या किरणाची वेळ पकडून चालायची. ती सपाट टीव्हीवर चालतच नाही. माझ्या भाच्याने नागपूरच्या घरी तो गेम शोधून काढलाय आणि ट्यूबवाला टीव्ही कुणाकडे आहे का विचारत फिरतोय. प्रतापनगरच्या बाबांची हरकत नसेल तर तो रविवारी येईल. बदल्यात आजीला नवा रिमोट शिकवून देईल, त्याला ते छान जमतं.

---

प्रेषक: प्रतापनगरकर, न्यू जर्सी

काका, काल रात्री फोन केला. बाबांनी स्पीकर खिडकीखाली सरकवला, मेन स्विच बंद केला आणि जेवून झाल्यावर लावला. डाग निम्मा गेला. आज सकाळी पुन्हा केलं, आता नीट बघितल्याशिवाय दिसत नाही. इतकी वर्षं तो डाग बघितला, आणि कुणी एकानेही स्पीकरचं नाव काढलं नव्हतं.

43 नक्की केला. आतली भिंत, एचडी डबा, साउंडबार, सगळं तुम्ही सांगितलं तसं. ट्यूब बाबांच्या खोलीत जाईल. सदरच्या भाच्याला रविवारी जरूर पाठवा, आई पोहे करून ठेवते म्हणाली.

एकच राहिलं. उद्या ट्यूब खरंच गेली तर तिचं काय करायचं? बाबा म्हणतात कबाडी नेऊन जाईल.

---

प्रेषक: महालचे काका, टोरांटो

कबाड्याला देऊ नका. तो तांब्यासाठी योक, म्हणजे ट्यूबच्या मानेवरची तारेची गुंडाळी, काढतो आणि ट्यूबची मान फोडतो. आत निर्वात पोकळी असते, काच उडते. शिवाय मागच्या काचेत शिसं असतं, ते नाल्याकाठी पडून राहतं आणि ती काच वेचणारी लहान मुलं असतात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत टीव्ही येतो, त्यामुळे अधिकृत रिसायकलर तो घेतात. नवा टीव्ही घेताना दुकानदाराला विचार, जुना पुढे अधिकृत ठिकाणी पाठवतो का आणि त्याची पावती देतो का. देत असेल तर सेट आणखी वर्षभर चालला तरी तेव्हा त्यालाच फोन कर. आणि उचलताना दोन माणसं बोलव, काचेची बाजू छातीकडे धरायला सांग. सगळं वजन त्या बाजूला असतं, बाबांना हात लावू देऊ नकोस.